रानरेडा की रानम्हैस?

छत्तीसगडच्या राज्यप्राण्याचे हिंदी नाव ‘वनभैंसा’. दुर्गमध्ये एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना मी ‘रानम्हैस’ लिहिले, छापून ‘रानरेडा’ आले. म्हणे, रेड्यात रुबाब आहे. असेलही. पण उदंतीच्या जंगलात रेडे उरले होते आणि मादी एकच, आशा. रुबाबाने वासरे होत नाहीत.

मग आपण काय केले? आशाच्या पेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत क्लोन तयार केला. 12 डिसेंबर 2014 रोजी पाळीव म्हशीच्या पोटी दीपाशा जन्मली. ती रानम्हशीपेक्षा मुऱ्हाच जास्त दिसते, असा आक्षेप पुढे आला. मला तो वाद दुय्यम वाटतो. कुंपणाआडची एक म्हैस दिसायला कशीही असो, तिने जंगलात काय भर पडते? त्यानंतर 2020 आणि 2023 मध्ये आसामच्या मानसहून जनावरे आणून बारनवापाऱ्यात ठेवली. पुन्हा कुंपणच.

सुमात्रन गेंड्याच्या बाबतीत मलेशिया या वाटेने शेवटपर्यंत गेला. हाती आलेल्या माद्यांच्या गर्भाशयात गाठी, प्रयोगशाळेतले प्रयत्न निष्फळ. 2019 मध्ये शेवटची मादी इमान गेली. गेंडे पकडले नसते तर शिकाऱ्यांनी मारले असते, हे म्हणणे मला मान्य आहे. पण पकडायला उशीर झाला होता, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे अजून तितका उशीर झालेला नाही. इंद्रावतीच्या जंगलात रानम्हशी आहेत, पलीकडे गडचिरोलीत कोलामार्काला आहेत. महाराष्ट्राने 2013 मध्ये तिथे सुमारे 180 चौ. किमी. संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. तिथली कामे अगदी नीरस आहेत: गावच्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस, गवताची कुरणे, उन्हाळ्यात पाणी, पाळीव जनावरांशी संकर होणार नाही याची राखण. आणि ही राखण करणाऱ्या माडिया पोरांना वेळेवर पगार. यात फीत कापण्यासारखे काही नाही, म्हणून निधीच्या रांगेत ही कामे मागे. भिलाईच्या मैत्रीबागेत पांढऱ्या वाघापुढे रविवारी गर्दी उसळते. आपल्याला प्राणी पाहायचा असतो, त्याचे गवत नाही.

माहितीपत्रकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मी ‘रानम्हैस’च लिहून पाठवली आहे.