परिचारिकेच्या पदवीची खरी किंमत

मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. आणि उन्हाळा लागला की त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या भागाला पाण्यापुरतीच लागू पडते असे मात्र नाही. परिचारिकांच्या उच्च शिक्षणाची स्थितीही तशीच आहे. कसारा घाट चढून गेले की नाशिक लागते. तेथे १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. रेल्वेने खाली उतरले की कल्याण, ठाणे, मुंबई ही मोठ्या रुग्णालयांची शहरे. या दोहोंच्या मधोमध, आटगाव स्थानकाच्या आसपास राहून शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या रुग्णालयात काम करणाऱ्या पदविकाधारक परिचारिकेला मात्र नोकरी सांभाळून पदवी कोठे आणि किती खर्चात मिळेल, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही.

पदवी कशासाठी?

आपल्या देशात परिचर्येचे पदवी शिक्षण नवे नाही. भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला, त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे ते सुरू झाले. तथापि आठ दशके लोटल्यावरही ग्रामीण भागातील मुलीचा नेहमीचा मार्ग पदविकेचाच राहिला आहे. जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीची, म्हणजेच जीएनएमची, पदविका तीन वर्षांत हाती येते; पदवीला चार वर्षे लागतात. ज्या घराला मुलीच्या पगाराची वाट पाहावी लागते, त्या घराला एक वर्ष ही फार मोठी रक्कम असते. त्यामुळे पदविका घेतली जाते ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर घरची परिस्थिती बेताची म्हणून.

पुढे मात्र हा निर्णय जन्मभर सोबत करतो. एकाच पदावर असताना पदविका आणि पदवी यांच्या वेतनात बहुधा फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. पदव्युत्तर शिक्षण आणि त्याआधारे मिळणारी अध्यापनाची पदे यांची दारे पदवीखेरीज उघडत नाहीत. ‘एम्स’सारख्या संस्थांच्या भरतीत पदवीधर परिचारिकेला थेट अर्ज करता येतो, तर पदविकाधारक परिचारिकेला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. खेड्यातील दहा-पंधरा खाटांच्या खासगी रुग्णालयात राबलेल्या परिचारिकेची वर्षे या हिशेबात धरलीच जात नाहीत.

रुग्णाच्या दृष्टीनेही हा प्रश्न गौण नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल तेथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळते. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होतो असे नाही, आणि तेथील रुग्णालये व येथील रुग्णालये यांत अंतरही फार आहे. तरीही परिचारिकेचे शिक्षण ही तिची खासगी हौस नसून ती सार्वजनिक हिताची बाब आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

मान्यतेचा प्रश्न

नोकरी करणाऱ्या परिचारिकांसाठी अमेरिकेत दूरस्थ पदवीचे अनेक अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदा करून नव्या परिचारिकांना नोंदणीनंतर दहा वर्षांत पदवी मिळविणे बंधनकारक केले. त्या देशातील जाहिराती आता भ्रमणध्वनीवरून आटगावातही दिसतात, आणि त्यांच्या धर्तीवर आपल्याकडेही ‘घरबसल्या नर्सिंग पदवी’ देऊ करणारे लोक पुढे येतात. येथे सावध राहणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने परिचर्येचा समावेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई असलेल्या विषयांत केला आहे. परिचर्या परिषदेच्या मान्यतेवाचून घेतलेल्या अशा पदवीची नोंदणी होत नाही, आणि ज्या पदवीची नोंदणी होत नाही ती भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोगाची नाही.

मान्यताप्राप्त मार्ग मोजकेच आहेत. एक म्हणजे महाविद्यालयात पूर्णवेळ बसून करावयाचा दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम. दुसरा म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये सुरू केलेला, सेवेतील परिचारिकांसाठीचा किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम. या विद्यापीठाने बारावी व पदविका झालेल्या नोंदणीकृत परिचारिकेला दोन वर्षांच्या अनुभवाची, तर दहावीनंतर पदविका घेतलेलीला पाच वर्षांच्या अनुभवाची अट घातली. प्रवेश परीक्षेने होतो, आणि प्रात्यक्षिके नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रात जाऊनच करावी लागतात. सारांश, पूर्णपणे घरबसल्या मिळणारी परिचर्येची मान्य पदवी आपल्याकडे नाही, आणि तशी ती असूही नये. म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक परिचारिकेने तीन गोष्टी लेखी तपासाव्यात : त्या वर्षीच्या प्रवेशाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, महाराष्ट्र परिचर्या परिषद त्या पदवीची नोंद घेईल काय, आणि प्रात्यक्षिके नेमकी कोणत्या रुग्णालयात होणार.

किंमत कशी मोजावी?

स्वस्त पदवीचा शोध घेताना सामान्यतः फीच्या आकड्यांची तुलना केली जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही तुलना अपुरी आहे. कोणत्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी ज्याचा त्याग करावा लागतो ते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये वेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली आणि तेवढे वेतन सर्वत्र मिळते असे नव्हे. पण हिशेबापुरता तोच आकडा धरला, तर दोन वर्षे नोकरी सोडणाऱ्या परिचारिकेचे ४,८०,००० रुपयांचे उत्पन्न बुडते. फी एक रुपयाही नसली तरी पूर्णवेळ पदवीची तिला पडणारी किंमत ही आहे.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयाची मर्यादा यावरून कळते. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ करणारा हा निर्णय निःसंशय स्वागतार्ह होता. परंतु तो केंद्रीभूत प्रक्रियेतून नियमित प्रवेश घेणाऱ्या मुलीसाठी आहे. जिच्या पगारावर घर चालते, दोन मुले शिकतात आणि सासूचे औषधपाणी होते, त्या पस्तिशीच्या परिचारिकेला फी माफ झाल्याने वर्गात जाऊन बसता येत नाही.

दूरस्थ मार्गात पगार वाचतो, पण त्याची जागा प्रवासाचे तास घेतात. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या उपनगरी गाड्यांच्या मानाने थोड्या. आटगावहून मुंबईला पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे एका संपर्क दिवसासाठी जाऊनयेऊन चार-पाच तास. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. तेथील परिचारिकेला एसटीने कल्याण गाठून पुढची गाडी धरावी लागते. रात्रपाळी उरकून पहाटे निघणारी स्त्री प्रात्यक्षिकाला डोळे उघडे ठेवून उभी राहील, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. हे तास कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसतात. पण अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याची वेळ आली तर ती बहुधा त्यांच्यापायी येते.

खर्च कोणी सोसावा?

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याचा खर्च मालक उचलत नाही, कारण शिकलेला कामगार उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. तो खर्च शिकणाऱ्यालाच सोसावा लागतो. परिचारिकेची पदवी अशा सर्वोपयोगी कौशल्यात मोडते. रुग्णालयचालक तिच्यासाठी पैसे घालणार नाही, आणि परिचारिकेजवळ ते नाहीत. कर्ज काढावे तर सुट्टी कोण देणार? कायम सरकारी सेवेतील अधिपरिचारिकेला अध्ययन रजेचा नियम तरी दाखविता येतो. कंत्राटी परिचारिकेला दरवर्षीच्या मुदतवाढीचीच चिंता असते. अशा वेळी बाजारावर विसंबून राहणे म्हणजे पदविकाधारक परिचारिकेने कायम पदविकाधारकच राहावे, असे ठरविणे होय.

शासनाने मनावर घेतले तर मार्ग निघतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमावयाचे ठरले, तेव्हा परिचारिका आणि आयुर्वेद पदवीधर यांच्यासाठी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम तयार करण्यात आला. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने तो २०१७ मध्ये सुरू केला. प्रशिक्षण जिल्हा रुग्णालयांतून दिले गेले आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून त्यासाठी निधी मिळाला. ज्या मनुष्यबळाची सरकारला स्वतःला निकड होती, ते घडविण्यासाठी पैसा, जागा आणि परवानगी ही तिन्ही उपलब्ध झाली. पदवीच्या सेतूला ती का मिळू नयेत?

शहापुरातच सोय

परिचर्या पडद्यावर पाहून शिकता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ही विद्यार्थिनी नवखी नव्हे. ती रोज रुग्णाच्या उशाशी उभी असते. तिला हवे आहे ते शास्त्राचे अधिक ज्ञान, संशोधन व व्यवस्थापनाची ओळख आणि देखरेखीखाली केलेला विशेष विभागांतील सराव. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी दूरस्थ पद्धतीने देता येतात. तिसरीसाठी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय ही प्रात्यक्षिकाची प्राथमिक केंद्रे करावीत. जे तेथे शिकता येणार नाही त्यासाठी उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कळव्याचे महापालिका रुग्णालय आणि ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय जिल्ह्यातच आहेत. रोजची ये-जा करविण्यापेक्षा वर्षातून काही आठवडे पगारी रजा आणि वसतिगृह देऊन हा भाग पुरा करता येईल. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदवी आणि परीक्षा पाहावी, मुक्त विद्यापीठाने दूरस्थ अध्यापनाचा आपला अनुभव द्यावा. दोन्ही विद्यापीठे एकाच शहरात असताना एवढे सहकार्य अशक्य मानण्याचे कारण नाही. नियमांची अडचण आहे. पण परिचर्या शिक्षणाची नवी घडी बसविण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आहे, आणि सेवेतील परिचारिकांसाठी काटेकोर अटींवर असा मार्ग आखणे हे त्या व्यवस्थेचे पहिल्या कामांपैकी एक असले पाहिजे.

पदवी मिळताच परिचारिका शहापूर सोडून मुंबईला किंवा परदेशी जातील, अशी भीती घातली जाते. काही जातीलही, जाण्याचा हक्क त्यांना आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ग्रामीण सेवेत माणसे टिकविण्याविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देण्यावर आणि शिक्षणाची सोय शहरांबाहेर करण्यावर भर होता. पगारी रजेच्या बदल्यात तालुक्यातच दोन-तीन वर्षे सेवा करण्याचा करार करून घेणेही गैर नाही. मुलगी ठाकूर किंवा कातकरी पाड्यावरची असेल, तिचे माहेर-सासर याच खोऱ्यात असेल, तर तिला येथे राहावेसे वाटण्याची शक्यता बाहेरून आलेल्या उमेदवारापेक्षा अधिक. प्रगतीची वाटच बंद असेल तर मात्र ती आजही निघून जाते. फक्त पदवीवाचून जाते.

रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि त्या संस्थेने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याचे धाडस केले. त्या काळी समाजाचा विरोध हा अडसर होता. आज तसा विरोध उरलेला नाही. अडसर आहे तो रजेचा, प्रवासाचा आणि बुडणाऱ्या पगाराचा. हे तिन्ही अडसर शासकीय आदेशाने आणि माफक खर्चाने दूर होण्याजोगे आहेत. ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर शहापूर आणि मुरबाड हे उरलेल्या जिल्ह्याचे प्रमुख ग्रामीण तालुके राहिले. या दोन तालुक्यांत एक तुकडी घेऊन हा प्रयोग करून पाहण्यास जिल्हा प्रशासनाने आणि दोन्ही विद्यापीठांनी आता वेळ लावू नये.