एआय रेडिएशनचा आराखडा काढतंय, मग तपासतं कोण?

‘एआय आलं ना आता, मग तुमचं काम काय उरलं?’ गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला भाच्यापासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे. ब्रिटनमध्ये याच कामाला क्लिनिकल सायंटिस्ट म्हणतात. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन किती द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. मशीनमधून तेवढंच आणि तिथंच पडतंय ना, हे बघणं आमचं काम.

प्रश्न चुकीचा नाही, कारण एआय खरंच आमच्या विभागात आलंय.

एआय नेमकं काय करतं?

रेडिएशनआधी पेशंटचा सीटी स्कॅन होतो. त्याच्या प्रत्येक चित्रावर गाठ आणि आजूबाजूचे नाजूक अवयव रेषेने आखावे लागतात. याला कॉन्टूरिंग म्हणतात. डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये मज्जारज्जू, लाळग्रंथी, डोळ्यांच्या नसा असं बरंच काही आखायचं असतं. हाताने यात तासन्‌तास जातात. एआय तेच काही मिनिटांत करतं.

इंग्लंडमधल्या नाइस या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये अशी काही सॉफ्टवेअर वापरायला परवानगी दिली. पण एक अट घातली: एआयने काढलेली प्रत्येक रेषा प्रशिक्षित माणसाने तपासायची, गरज असेल तिथे दुरुस्त करायची. ही अट का महत्त्वाची, हे मला एआयने नाही, एका साध्या मोबाइल अ‍ॅपने शिकवलं.

वेदर अ‍ॅपचा किस्सा

रेडिएशनच्या मशीनला लिनॅक म्हणतात. त्याचा डोस आम्ही पाण्याच्या टाकीत आयन चेंबर ठेवून मोजतो. या चेंबरमध्ये साधी हवा असते. हवा विरळ असली की रीडिंग कमी येतं, म्हणून त्या वेळचं तापमान आणि हवेचा दाब घालून आकडा दुरुस्त करावा लागतो.

एकदा आमचा बॅरोमीटर कॅलिब्रेशनला गेला होता. नवीन आलेल्या ज्युनिअरने फोन काढला, वेदर अ‍ॅपमध्ये दाब बघितला आणि १०११ हेक्टोपास्कल लिहिलं. मीही ते वाचलं आणि मान डोलावली. हिशेब केला तर मशीन साधारण ६ टक्के कमी डोस देतंय असं आलं. ‘सर, आउटपुट वाढवूया का?’

अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं. वेदर अ‍ॅप बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दुरुस्त केलेला दाब दाखवतं. वेगवेगळ्या शहरांची तुलना करता यावी म्हणून ते तसंच करतात. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे खोलीतला खरा दाब असतो ९४८ च्या आसपास. ज्युनिअर शिकला मुंबईत. तिथे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच, त्यामुळे त्याला कधी फरक जाणवलाच नव्हता.

आम्ही मशीन ‘दुरुस्त’ केलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला साडेसहा टक्के जास्त डोस गेला असता. ज्याला ३० दिवसांत ६० ग्रे द्यायचे, त्याला ६४ ग्रे. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं दिसलं असतं.

वाचलो कशामुळे? रोज सकाळी आम्ही वेगळ्या उपकरणाने एक झटपट तपासणी करतो. त्यात मशीन कालच्यासारखंच होतं. चांगलं चाललेलं मशीन एका रात्रीत ६ टक्के घसरत नाही. म्हणून थांबलो, दुसऱ्या विभागातून बॅरोमीटर मागवला आणि चूक सापडली. एकाही पेशंटपर्यंत ती पोचली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मान मी डोलावली होती.

‘ओके’ दाबायची सवय

आपण फोनवर परमिशनचे मेसेज न वाचता ओके दाबतो ना, तसंच हे. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनने ६ पेशंटना प्रचंड जास्त डोस दिला. काही जण त्यात दगावले. आधीच्या मॉडेलमधली हार्डवेअरची सुरक्षा काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. स्क्रीनवर ‘मॅलफंक्शन ५४’ यायचं. असे मेसेज इतक्यांदा येत की ऑपरेटर एक बटण दाबून पुढे जात.

एआयचा धोका मला इथे दिसतो. ते वेडंवाकडं काढेल तर कुणालाही कळेल. पण शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त रेषा छान काढेल, तेव्हा उरलेल्या तपासताना आपला डोळा आळसावतो. मज्जारज्जूची रेषा काही मिलिमीटर सरकली तरी स्क्रीनवर ती सुबकच दिसते.

मग एआय नको का?

हवंच. आपल्याकडे पेशंट खूप आणि प्रशिक्षित माणसं कमी. वाचलेला वेळ तपासणीला मिळाला तर फायदा पेशंटचाच. पण तोच वेळ ‘आता आणखी दहा पेशंट घ्या’ असं म्हणून भरला, तर तपासणी नुसत्या सहीपुरती उरेल. हॉस्पिटलनी एआय विकत घेताना हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

तुमच्यापैकी कुणी फिजिक्स घेऊन बीएस्सी, एमएस्सी करत असाल, तर या क्षेत्राचा जरूर विचार करा. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा १९६२ पासून चालू आहे. आपल्याकडे रेडिएशन सेंटर चालवायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार मेडिकल फिजिसिस्ट लागतोच.

तो ज्युनिअर आता माझा सगळ्यात चिकट तपासनीस झालाय. एआयचा आराखडा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हा आकडा आला कुठून?’