घरच्या गॅरेजातील लिफ्ट आणि काळी जमीन

ज्या तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात, त्या शिरूरात आणि शेजारच्या दौंडात एखाद्या होतकरू कारागिराने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज थाटावे, आणि जॅक-घोडीवर तोललेल्या गाडीखाली पाठ टेकून जीव धोक्यात घालण्याऐवजी तेथे लिफ्ट बसवावी, हे सर्वस्वी इष्ट आहे. परंतु ही तजवीज करताना किंमत आणि वजनक्षमता यांचीच चौकशी होते, आणि जिच्यावर हे यंत्र उभे राहायचे त्या जमिनीचा विचार बहुधा कोणी करीत नाही, याची मला मनापासून चिंता वाटते.

घोड आणि भीमा यांच्या काठची काळी जमीन उसाला जितकी अनुकूल, तितकीच बांधकामाला प्रतिकूल. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आणि अशा जमिनीवर तीन-चार इंचांचा कोबा करून शहाबादी फरशी बसवलेली असेल, तर दोन खांबी लिफ्टचे अँकर बोल्ट कितीही आवळले तरी त्यांना धरून ठेवणारे खाली काहीच नसते. या लिफ्टमध्ये गाडीचा भार खांबांना आतल्या बाजूस ओढतो आणि तो ताण अखेर बोल्टांवरच येतो. मुरमाच्या माळावर काम पुष्कळ सोपे. काळ्या जमिनीत मात्र माती उपसून, मुरूम भरून, धुम्मस करून, सळईच्या जाळीसह उत्पादकाने सांगितलेल्या जाडीचे काँक्रीट घालावे आणि ते 28 दिवस मुरू द्यावे.

हा खर्च झेपत नसेल, तर बोल्टांवर कमी विसंबणारी चार खांबी लिफ्ट किंवा कमी उंचीची कात्री लिफ्ट घ्यावी. पहिलीवर चाके मोकळी करण्यास वेगळा जॅक लागतो, दुसरीखाली उभे राहता येत नाही. तरीही, माझ्या मते, गाडीखाली उतरून काम करण्यासाठी जमिनीत खणलेल्या खड्ड्यापेक्षा दोन्ही बऱ्या, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती खड्ड्याच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी अनर्थास पुरते.

उंचीचा हिशेबही आधीच करावा: सहा फुटी जीप सहा फूट उचलायची, तर बारा फुटांहून अधिक मोकळी जागा हवी, आणि ती दहा फुटी स्लॅबखाली मिळत नाही. विक्रेत्याने दरपत्रकासोबत पायाचा नकाशा लेखी द्यावा, आणि तो हाती येईपर्यंत ग्राहकाने बयाणा देऊ नये.