सिस्टरलाही विचारा की!

मैत्रिणींनो, सरकारी रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी रात्र काढली असेल, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. मोठे डॉक्टर सकाळी राउंडला येऊन जातात. रात्र निभावतात ती दोघंच, निवासी डॉक्टर आणि सिस्टर.

घर सांभाळून लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला सवय. पेशंटबरोबर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात सारखं जाणं होतं, सिस्टरांशी गप्पा होतात. त्यांच्या मते चांगला निवासी डॉक्टर कोण? सुवर्णपदकवाला नव्हे. रात्री दोनला बोलावलं की उठून येतो, तो. फोनवर औषध सांगून मोकळा न होता केसपेपरवर वाचता येईल असं लिहितो, तो. आणि ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारतो, तो. ‘डॉक्टर मी आहे की तुम्ही?’ असं खेकसणाराही त्यांच्या लक्षात राहतो. कारण औषधात गफलत झाली तर मेमो आपल्याच हाती पडेल, ही धास्ती त्यांना कायम असते.

पण त्या एकतर्फी बोलत नाहीत हं! ‘पोरं तरी काय करणार?’ असंही त्याच म्हणतात. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून जास्त ड्युटी सहसा नसावी, हे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलंय. तरी २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ज्या निवासी डॉक्टर तरुणीची हत्या झाली, ती ३६ तासांच्या ड्युटीवर होती. झोप नाही, धड जेवण नाही, मग माणूस चिडणारच.

एमडी-एमएसची तीन वर्षं संपली की डॉक्टर जातो. सिस्टरची अख्खी नोकरी रुग्णालयात जाते, दरवर्षीची नवी बॅच तिच्या नजरेखालून जाते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांचं मूल्यमापन करताना नर्सचंही मत घ्यायची रीतसर पद्धत आहे. मी ज्यांच्याशी बोलले, त्या सिस्टरांना मात्र असं कधी कुणी विचारलेलं नाही. घरातलं सगळं सुनेने बघायचं, पण निर्णयाच्या वेळी तिला आत चहा करायला पाठवायचं, त्यातलाच हा प्रकार!

कुणी म्हणेल, यातून जुने राग निघतील. मग एकीचं नको, चार-पाच सिस्टरांचं मत घ्या आणि नावं गुप्त ठेवा. जिथे रुग्णालयाचं अभ्यागत मंडळ आहे, तिथल्या भगिनींनी हा विषय लावून धरावा. डॉक्टरांच्या ड्युटीचे तासही त्याच बैठकीत विचारावेत. अखेर वॉर्डातल्या त्या खाटेवर आपलंच माणूस असतं ना?