गणित कोणाच्या बाजूचे?

जळगावच्या एका अभ्यासवर्गात कर्करोग-संशोधनाचा विषय निघाला तेव्हा एका तरुण साथीने मला विचारले, "सर, जिथे रुग्णाला मुंबईचे भाडे परवडत नाही, तिथे संगणकावरच्या समीकरणांचे कौतुक कशाला?" या प्रश्नामागील संताप मला मान्य आहे, त्यातला निष्कर्ष मान्य नाही.

किरणोपचार, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला 'शेक', गाठीतील पेशी मारतो. मरणाऱ्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊ शकते. परंतु तोच किरण रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाही नाश करतो. त्याला इम्युनोथेरपीची जोड द्यायची, तर शेक किती, किती दिवसांत, औषध आधी की नंतर, असे असंख्य पर्याय उभे राहतात. ही जोड आपोआप फळत नाही. डोके व मानेच्या कर्करोगावरील जॅव्हेलिन चाचणीत ६९७ रुग्ण होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा जोडीचा लाभ आढळला नाही. प्रत्येक पर्याय माणसांवर अजमावणे अशक्य आहे. म्हणून आधी गणिती प्रतिमानावर निवड करावयाची. ही चैन नव्हे.

मात्र प्रतिमान तटस्थ असते, हा भ्रम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी बाळगू नये. १९५६ च्या दुसऱ्या योजनेमागील महालनोबिस प्रतिमानात यंत्रोद्योगाला अग्रस्थान होते, शेती मागे राहिली. जे समीकरणात नसते ते उत्तरातही येत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा शेक बहुधा सहा-सात आठवडे चालतो. रावेरच्या केळीबागेत राबणाऱ्या मजूर बाईचा तेवढे दिवस रोज बुडतो. परगावी राहण्याचा खर्च वेगळाच. गाठ किती आटली एवढेच उद्दिष्ट ठेवले, तर संगणकाला ही बाई दिसणारच नाही.

मात्रेचेच उदाहरण घ्या. निवोलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. म्हणजे अठरावा हिस्सा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती आणि त्यात शेकाची जोडही नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु 'किती पुरेसे?' हा प्रश्न सार्वजनिक रुग्णालयाने विचारला. नफ्यासाठी औषध विकणाऱ्याला तो विचारण्याची गरजच काय?

म्हणून साथींनो, गणिताकडे पाठ फिरवू नका. त्याचा ताबा मागा. सरकारी पैशातून होणाऱ्या अशा संशोधनात किमान पुरेशी मात्रा, किमान फेऱ्या आणि बुडालेला रोज यांना स्थान मिळाले पाहिजे. ही प्रतिमाने सर्वांना खुली हवीत. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना त्या कामात सहभाग हवा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे देण्याचे आश्वासन दिले आहे. त्याचा हिशेब आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आतापासूनच मागू या. खानदेशचा रुग्ण समीकरणात यायचा असेल, तर त्याला तिथे नेण्याचे काम चळवळीलाच करावे लागेल.