खलाशाने निजावे कोठे?

नवी बोट बांधायला घेतली की पाचूबंदरापासून उत्तनपर्यंत तीच चर्चा कानी येते : इंजिन किती ताकदीचे, बर्फ किती मावेल, लाकडाची बरी की फायबरची? आम्हीही या चर्चेत हिरिरीने भाग घेत आलो आहोत. मात्र ज्या बोटीवर माणसे आठ-आठ दिवस राहणार, त्यांनी निजावे कोठे, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. दिवसाची बोट वेगळी आणि मुक्कामाची बोट वेगळी. दिवसाच्या बोटीला मुक्कामास धाडणे हा अन्याय आहे आणि तो रविवारी मिस्सेला पुढच्या बाकावर बसणारे आम्हीच करीत आहोत.

आपल्या किनाऱ्याची जुनी होडी डोलीसाठी घडली. शेतीवाडीतल्या वाचकांसाठी सांगायचे तर डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेले लांबट पिशवीसारखे जाळे. भरती-ओहोटीचा प्रवाह त्याच्या तोंडातून शिरतो, बोंबील, जवळा, करंदी शेवटच्या टोकाला साठतात आणि पाणी थबकले की जाळे ओढायचे. बोंबील हा पाणचट, लवकर नासणारा मासा. तो घेऊन किनारा गाठण्याचीच घाई असे. अशा होडीवर खोली नसली तरी बिघडत नव्हते. घर किनाऱ्यावर होते.

पुढे इंजिन आले, बर्फ आला, जवळचा मासा आटला. बोट लांबली, तिचे पोट वाढले. परंतु वाढलेले सारे पोट माशांना आणि बर्फाला गेले. माणसाच्या वाट्याला इंजिनाशेजारची फळी, डिझेलचा धूर आणि वर ताडपत्री. शौचासाठी काठावर दोरी धरून बसायचे. रात्रीच्या लाटेत तोल गेला, तर हाक ऐकायला जागे कोण असते?

‘आमचे बापजादे फळीवरच निजले,’ असे उत्तर मिळते. निजले खरे, पण लागोपाठ किती रात्री? ‘खोली केली तर बर्फाची जागा जाते.’ जाते, परंतु मोसमात बोट तुडुंब भरून आली अशा फेऱ्या किती, हे प्रत्येक नाखव्याने आपल्या वहीत पाहावे. उंच केबिन चढवली की बोट अधिक कलते, हा आक्षेप मात्र आम्हांला मान्य आहे. म्हणूनच ही जागा आधी आखावी लागते. बोटीला रुंदी हवी, पाण्याची टाकी तळाशी हवी, केबिन बुटकी हवी आणि बिछान्यांपर्यंत इंजिनाचा धूर पोहोचता कामा नये. तयार बोटीवर मागाहून पत्र्याची खोली ठोकणे हा उपाय नव्हे, ते संकटाला निमंत्रण आहे. लाकूड की फायबर हा वाद येथे गौण ठरतो. फायबरची चकचकीत बोटही आतून तितकीच निर्दय असू शकते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ सालच्या मासेमारीविषयक करारात निवासाची जागा, अन्न व पिण्याचे पाणी यांचे नियम आहेत. तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या बोटीवर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मजुराच्या विश्रांतीचा हक्क पोप लिओ तेरावे यांनी तर १८९१ सालीच मांडला होता. विश्रांती द्यायची तर आधी अंग टाकायला जागा हवी ना?

आज आपल्या बोटींवरील कित्येक खलाशी आपल्या धर्मग्रामातले नाहीत. ते दुरून पोटासाठी येतात. म्हणूनच का आपल्याला त्यांची फळी दिसत नाही? नाळेवर आपण क्रूस रंगवतो, संताचे नाव लिहितो, धर्मगुरूंना बोलावून बोटीवर पवित्र पाणी शिंपडतो. मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाच्या प्रसंगी, चौथ्या अध्यायात, प्रभू येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून निजले होते. गालीलच्या कोळ्यांच्या होडीत उशी होती! आपल्या बोटीत ती ठेवायची म्हटले, तर ठेवणार कोठे?

जवळ मासा उरला नाही, हे गाऱ्हाणे खोटे नाही. पण त्याची किंमत खलाशाच्या झोपेतून वसूल करता येणार नाही. ज्याला हा खर्च झेपत नाही, त्याने लहान बोट बांधावी, जवळच्या पाण्यात जावे आणि माणसांना रात्री घरी आणावे. त्यात कमीपणा कसला? आणि ज्याला मुक्कामाचीच बोट हवी, त्याने सुताराकडे जाताना आपल्या एका खलाशाला सोबत न्यावे. जमिनीवर खडूने बोटीचा आराखडा काढावा आणि त्याला त्यात आडवे व्हायला सांगावे.