कुत्र्याचा खुराक, मालकाची छाती

वार्षिकांकासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा मी माझा विषय सांगितला आणि वर्गात हशा पिकला. कुत्र्यांना पीळदार करणारी बिस्किटे! एका मित्राने तर विचारले, "मग मांजरांचं काय, त्यांना दंडबैठका?" हशा मलाही आवडतो. परंतु या बिस्किटांचा आणि माझा संबंध हसण्याजोगा राहिलेला नाही, म्हणूनच लिहीत आहे.

शिक्षणासाठी मी मावशीकडे राहतो. मावसभावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. गेल्या वर्षी दादाने रॉटवायलर जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले आणि त्याचे नाव ठेवले भीम. नाव भीम ठेवले की पुढची जबाबदारी ओघानेच आली. दादा रोज व्यायामशाळेत जातो. तेथे हल्ली जो तो कसल्याशा डब्यातली पावडर ढवळून पितो. जे आपल्याला तेच कुत्र्याला, असा त्याने साधा हिशेब केला आणि महिन्याभरात घरी एक पाकीट आले. पाकिटावर एका कुत्र्याचे चित्र होते. छाती अशी की एखाद्या हिंदकेसरीने लाजावे. आत हाडाच्या आकाराची खमंग बिस्किटे. जोडीला कॅल्शियमच्या भुकटीचा डबा.

"तू आर्ट्सचा, इंग्रजी घेतलंयस ना? वाच बघू काय लिहिलंय," दादा म्हणाला. मी वाचून दाखवले. ताकीचे प्रथिन, क्रिएटिन, तांदळाच्या कोंड्यापासून काढलेले गॅमा ओरायझेनॉल. ताकद, पीळ, जोम. मोठ्या अक्षरांतले सगळे वाचले. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती की, वाढत्या पिल्लांना पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. ती मी पाहिली होती. पण दादाचा उत्साह मोठा होता, आणि खरे सांगायचे तर आपले इंग्रजी चारचौघांत वाचून दाखवण्याचा माझाही होता. ती ओळ मी गाळली.

सातव्या महिन्यात भीम पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. दादाला वाटले, काटा रुतला असेल. पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले आणि कोपराच्या सांध्यावर बोट ठेवले. या जातीत हा दोष पुष्कळदा जन्मतःच असतो, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण मग विचारले, "याला खायला काय काय घालता?" दादाने अभिमानाने यादी सांगितली. डॉक्टर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "बिस्किटं बंद, कॅल्शियम बंद, जेवण कमी. सांधा कच्चा आणि अंगावर पोतं, असं झालंय याचं."

त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतो आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी चूक आढळल्यास कान धरावा.

स्नायू हे बिस्किटाने वाढत नाहीत. ते वापराने वाढतात, आणि किती वाढायचे याची हद्द बव्हंशी जन्माच्या वेळीच ठरलेली असते. १९९७ साली अमेरिकेत उंदरांवर संशोधन करताना मायोस्टॅटिन नावाच्या द्रव्याचा शोध लागला. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणे हे त्याचे काम. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. पुढे २००७ मध्ये व्हिपेट या सडपातळ शिकारी जातीत हाच प्रकार आढळला. या जातीत कधीकधी बैलासारखी मान आणि मांड्या असलेली पिल्ले जन्माला येतात. त्यांच्यात मायोस्टॅटिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. एकच प्रत बिघडलेला व्हिपेट मात्र शर्यतीत इतरांहून वेगवान ठरतो. म्हणजे पाकिटावरच्या चित्रातली छाती आई-बापांकडून मिळते, पाकिटातून नव्हे.

मग बिस्किटातले प्रथिन जाते कुठे? शरीराला लागते तेवढे ते घेते. उरलेल्यातला नत्रांश युरिया होऊन मूत्रावाटे जातो आणि बाकीचे जळते किंवा चरबी होऊन बसते. क्रिएटिन तर कुत्र्याचे शरीर स्वतःच तयार करते, शिवाय मांसातूनही ते मिळते. जो कुत्रा दिवसाचे बावीस तास गॅलरीत साखळीला बांधलेला असतो, त्याला हा सगळा खुराक घालणे म्हणजे गोठ्यातून न हलणाऱ्या बैलाला रोज नवे नाल ठोकणे होय.

कॅल्शियमची गोष्ट याहून वाईट. मोठा कुत्रा नको असलेले कॅल्शियम शोषून घेण्याचे टाळू शकतो. लहान पिल्लाच्या आतड्याला ती अक्कल अजून आलेली नसते. जेवढे द्याल तेवढे ते बरेचसे आत घेते. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर प्रयोग झाले, त्यात जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडे मजबूत होण्याऐवजी बिघडली. आपण मात्र आजही 'मोठ्या जातीचा आहे, हाडं भक्कम व्हायला हवीत' म्हणून चमच्याने भुकटी घालतो. आमच्या घरी तो चमचा माझ्याच हातात असे.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो वाचल्यापासून मनातून जात नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या २४ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जे मिळेल त्याच्या पाऊण हिश्शाएवढेच दुसऱ्याला, असे आयुष्यभर केले. २००२ साली निष्कर्ष छापून आले. भरपेट गटाचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षे, कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. सांध्यांचे दुखणेही दुसऱ्या गटाला पुष्कळ उशिरा आले. या कमी खाणाऱ्या कुत्र्यांना आमच्या गल्लीत कोणी पाहिले असते, तर 'मालक कंजूष दिसतोय' असेच म्हटले असते.

येथे मला आमच्या आबांची आठवण होते. आमचे गाव जत तालुक्यात. आबांकडे कायम एक कारवानी कुत्री असायची. लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेले, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. खायला ज्वारीची भाकरी, ताक, कधीमधी हाडूक. शेजारच्या मुधोळ संस्थानात ज्यांची जोपासना झाली तीच ही जात. मुधोळच्या कुत्र्याचे टपाल तिकीट २००५ साली निघाले आणि २०१६ मध्ये तिथली पिल्ले मेरठला लष्कराच्या केंद्रात गेली. सैन्याने त्यांची छाती मोजली असेल असे वाटत नाही. दिवाळीत आबा मावशीकडे आले तेव्हा त्यांनी भीमाला पाहिले आणि म्हणाले, "आरं, ह्यो कुत्रा हाय का रेडा? पळतो का पन?" दादा गप्प बसला. भीम पळत नव्हताच.

आबा तरुणपणी तालमीत जात. खुराकाचा त्यांना तिटकारा नाही. बदाम, तूप, थंडाई यांवर ते तासभर बोलतील. पण तालमीत हजार-हजार जोर काढल्यावर तो खुराक पोटात जायचा. कुत्र्यांतही असे कष्टाळू गडी आहेतच. अलास्कात सुमारे हजार मैलांच्या शर्यतीत बर्फावरून घसरगाडी ओढणारे कुत्रे दिवसाला दहा हजारांहून अधिक कॅलरी खर्च करतात. त्यांना चरबीयुक्त मांस पोटभर द्यावेच लागते. म्हाताऱ्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचे स्नायू झडत असतील तर डॉक्टर काही पूरक देतात, त्यालाही माझा विरोध नाही. माझे भांडण आहे ते निरोगी पिल्लाला, केवळ चित्रासारखे दिसावे म्हणून, विकल्या जाणाऱ्या मालाशी.

या मालावर नजर तरी कोणाची? ज्या अमेरिकेत हा धंदा फोफावला, तेथे माणसांच्या पूरक आहारासाठी १९९४ साली कायदा झाला. तो जनावरांना लागू नाही, असे तिथल्या अन्न व औषध खात्याने १९९६ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे कुत्र्यासाठीचा 'पूरक आहार' ही कायद्यात वेगळी जातच नाही. तो एकतर खाद्य, नाहीतर औषध. पण पाकिटावरची छाती फुगतेच आहे.

आता खरा प्रश्न. कुत्र्याला पीळदार व्हायचे असते का? भीमाने आरशात पाहून कधी दंड फुगवला नाही. दंड फुगतात ते साखळीचे दुसरे टोक धरणाऱ्याचे. संध्याकाळी रस्त्यावरून जाताना लोकांनी बाजूला व्हावे, पोरांनी 'बाप रे' म्हणावे, हे सुख मालकाचे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या कुत्र्यांची पैदास व विक्री थांबवा, असे पत्र राज्यांना पाठवले; रॉटवायलरही त्यात होता. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. जातींवर बंदी असावी की नसावी यावर आमच्या वर्गात मोठा वाद झाला. कुत्रा भीतिदायक दिसावा म्हणून कोण काय खाऊ घालतो, याची चर्चा मात्र कोणी काढली नाही. मीही नाही. तेव्हा आमच्या घरात पाकीट नुकतेच फुटले होते.

दादाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. त्याने जीव लावला, पैसे घातले आणि जे वाचता येत नव्हते ते माझ्याकडून वाचून घेतले. पहिल्या सत्रात इंग्रजीत मला बरे गुण पडले होते, हे येथे नमूद केलेले बरे. गाळलेल्या ओळीबद्दल मी त्याला महिनाभराने सांगितले. तो चिडला नाही. "मग आता नीट वाचत जा," एवढेच म्हणाला आणि जोडे घालून बाहेर गेला.

भीमाचे वजन आता उतरले आहे. सकाळ-संध्याकाळ पट्टा धरून हळूहळू फिरवतो, जिना चढू देत नाही. थंडीत तो अजून लंगडतो. बिस्किटांचा डबा कपाटातून गेला. पण रात्री आठ वाजले की भीम सवयीने त्या कपाटापुढे येऊन बसतो आणि वर पाहतो. मी गाजराचा तुकडा देतो. तो तेही तितक्याच आनंदाने खातो.